जर्मनीत कंपोझर म्हणून पोट भरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला २४ वर्षांचा तरुण. बी.कॉम. झालंय, पियानोची आठवी ग्रेड झालीय, काही वर्षं शास्त्रीय गाण्याची तालीमही झालीय. सिबेलियस या संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सिंफनी आणि एक पियानो कॉन्चेर्टो लिहून ठेवलाय. आता जर्मनीत कंपोझिशनचं मास्टर्स करायचंय. त्याने विचारलंय, "प्रवेश मिळेल का?" शेवटी हळूच जोडलंय, "घरचे विचारतात, पुढे काय?"

माझ्या मते खरा प्रश्न घरच्यांचाच आहे. प्रवेश मिळणं कठीण आहे, पण ते मेहनतीने जमतं. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत काय होतं यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो.

या क्षेत्रात पहिला प्रयोग मिळवणं त्या मानाने सोपं असतं. महोत्सवांना प्रीमियर हवे असतात, फाउंडेशनं नव्या रचनेसाठी पैसे देतात, अकादम्या तरुणांच्या रचना वाजवून घेतात. अवघड असतो दुसरा प्रयोग. एकदा वाजलेल्या रचनेसाठी कुणाकडेच वेगळं बजेट नसतं. दहा प्रीमियर झालेले आणि एकही रचना पुन्हा न वाजलेले कंपोझर पस्तिशीला पोचतात, वयाची अट असलेल्या स्पर्धा संपतात आणि फोन वाजायचा थांबतो. दुसरा प्रयोग कंपोझरमुळे नाही, वादकामुळे घडतो. त्याला रचना आवडते, हाताला बसते, मग तो ती पुढच्या मैफिलीत घेऊन जातो. खाली जे काही सांगतोय ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

काही बाबी व्यक्तीगणिक बदलतात, त्या आधी सांगतो. घरून किती वर्षं पैसे येऊ शकतात, तुमचं संगीत कोणत्या अंगाचं आहे, वाद्यांसाठी लिहिता की इलेक्ट्रॉनिक्ससह, कोणत्या शहरात राहता, जर्मन किती येतं: यातलं एक बदललं तरी माझा सल्ला थोडा बदलेल. मी जर्मनीचं लिहितोय कारण तिथली व्यवस्था मला ठाऊक आहे. अमेरिकेत हाच रस्ता विद्यापीठातल्या डॉक्टरेटमधून जातो, त्याचं गणित पूर्ण वेगळं.

आधी प्रवेशाचं. बी.कॉम.वर कंपोझिशनचं मास्टर्स सहसा मिळत नाही. त्यासाठी संगीताची बॅचलर पदवी मागतात. म्हणजे तुमच्यासाठी चार वर्षांचं बॅचलर आणि हवं तर पुढे दोन वर्षांचं मास्टर्स. हे ऐकून निराश होऊ नका. बॅचलरची चार वर्षंच खरी कामाची असतात, कारण इमारतीत शेकडो वादक तुमच्याच वयाचे असतात आणि ते फुकट वाजवायला तयार असतात. तशी संधी पुन्हा येत नाही.

सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी असते. ठळक अपवाद बाडेन-व्युर्टेम्बेर्गचा. तिथं २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. फ्रायबुर्ग आणि श्टुटगार्ट ही कंपोझिशनची नावाजलेली ठिकाणं याच राज्यात आहेत, तेव्हा हिशेब आधी करा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या केंद्राचं, प्रमाणपत्रही लागतं. ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या कितीतरी आधी कागद पाठवायला हवेत.

पोर्टफोलिओत साधारण तीन ते पाच रचना मागतात. तुमच्या दोन सिंफनी त्यात टाकू नका. कॉम्प्युटरच्या आवाजात ऐकलेल्या ९० जणांच्या वाद्यवृंदावरून समितीला एवढंच कळतं की तुम्हाला सॉफ्टवेअर येतं. सॉफ्टवेअरमधली बासरी खालच्या सप्तकातही ट्रॉम्बोनवर मात करते, कधी श्वास घेत नाही, कधी थकत नाही. असं ऐकत वाढलेला कान चुकीचा संतुलनाचा अंदाज घेऊन बसतो आणि तो स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र लिखाणात, पहिल्या पानावरच दिसतो. त्याऐवजी एका व्हायोलिनसाठी सहा मिनिटांची, क्लॅरिनेट आणि चेलोसाठी आठ मिनिटांची, चार आवाजांच्या कॉयरसाठी एक अशा रचना लिहा आणि त्या माणसांकडून वाजवून, गाऊन रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग मोबाइलवरचं असलं तरी चालेल, सूर थोडा हलला तरी चालेल.

"इथं वादक कुठून आणू?" असं म्हणाल. मुंबईत एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. त्यातल्या वादकांचे विद्यार्थीही वाजवतात. गोव्यात कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे वर्ग आहेत. आणि वसईपासून गोव्यापर्यंत चर्चची कॉयर आहेत, जी चार आवाजांत गातात. त्यांच्यासाठी लिहिणं ही फार मोठी शाळा आहे. टेनरला कुठला स्वर ओढावा लागतो, अल्टोला आपला सूर शोधायला किती वेळ लागतो, हे एका तालमीत कळतं.

प्रवेशपरीक्षेत बाहेरची मुलं बहुधा रचनांवर अडत नाहीत, कानाच्या परीक्षेत अडतात. दोन आवाजांचं श्रुतलेखन, रागदारीच्या किंवा सप्तकाच्या आधाराशिवाय येणारे स्वरांतर, लय ऐकून लिहिणं, दिलेल्या बासवर हार्मनी भरणं. ग्रेडच्या थिअरीत यातलं थोडंच येतं. वर्षभर रोज अर्धा तास दिलात तरी फरक पडतो. प्राध्यापकांना आधी पत्र लिहून एखादा सल्ल्याचा तास मागणं तिथं रूढ आहे. पत्र आठ-दहा ओळींचं, दोन स्कोअरच्या लिंक, एक रेकॉर्डिंग. स्वतःचा जीवनप्रवास नको. त्यांचं कुठलं संगीत ऐकलंत आणि काय शिकायचंय, एवढं नेमकं लिहा.

शिकत असताना एक कायदेशीर खाच अनेकांना माहीत नसते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. पण कमिशन, म्हणजे मागणीवरून रचना लिहून देण्याचं काम, घेऊन बिल फाडणं म्हणजे नोकरी नाही, तो स्वतंत्र व्यवसाय. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. पहिलं कमिशन ३०० युरोंचं असलं तरी आधी परवानगी मागा. साधं पत्र आणि कराराची प्रत जोडून ती मिळू शकते. न मागता काम केलं तर पुढच्या परवान्याच्या वेळी तेच आडवं येतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो: वादक पुन्हा का वाजवेल?

पहिलं कारण, त्याला वेळेत रचना बसवता आली पाहिजे. समजा एखाद्या आंसाम्बलकडे, म्हणजे वादकांच्या छोट्या संचाकडे, मैफिलीआधी १६ तासांच्या तालमी आहेत आणि चार नव्या रचना आहेत. तुमच्या वाट्याला चार तास. त्यातला पहिला तास "माझ्या पार्टमध्ये एफ शार्प आहे, स्कोअरमध्ये नॅचरल आहे" यात गेला, तर तुमचं संगीत उरलेल्या तीन तासांत उभं राहणार. तेवढं ते उभं राहत नाही. मैफिलीनंतर वादकाच्या मनात राहतं ते हेच.

म्हणून पार्ट्सवर, म्हणजे प्रत्येक वादकाच्या वेगळ्या प्रतीवर, स्कोअरइतकीच मेहनत घ्या. सॉफ्टवेअरने आपोआप काढलेले पार्ट्स तसेच पाठवणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. पंक्तीची उंची, म्हणजे पाच रेघांपैकी खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंतचं अंतर, साडेसात ते आठ मिलिमीटर ठेवा. सातच्या खाली गेलात तर दोन वादक एका स्टँडवरून वाचू शकत नाहीत. कागद ए४पेक्षा मोठा हवा. पान उलटायची जागा विरामावर यायला हवी. त्यासाठी एखादं पान अर्धं कोरं ठेवावं लागलं तरी ठेवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार नंबर. लांब विरामानंतर त्या वादकाला सहज ऐकू येणाऱ्या दुसऱ्या वाद्याची क्यू (खुणेची ओळ), आणि ती त्याच्याच वाद्याच्या ट्रान्सपोझिशनमध्ये, म्हणजे तो एरवी वाचतो त्या स्वरांत. तालवाद्यांना मांडणीची आकृती आणि एका वाद्यावरून दुसऱ्यावर जायला पुरेसा वेळ. मरिम्बावरून टॅमटॅमपर्यंत जायला चालावं लागतं, हे लिहिताना विसरायला होतं. वाद्यवृंदाच्या ग्रंथपालाला पार्ट्स पहिल्या तालमीच्या किमान दोन महिने आधी लागतात, कारण तंतुवाद्यांच्या बोइंग, म्हणजे धनुष्य वर-खाली नेण्याच्या खुणा, भरायच्या असतात. सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. फक्त फिनाले आता नव्याने शिकू नका, त्याचा विकास २०२४ मध्ये थांबवला गेला. सिबेलियस येतच असेल तर तेच ठेवा, नाहीतर डोरिको घ्या.

दुसरं कारण, वादकाला रचना दुसरीकडे नेता आली पाहिजे. कॉन्ट्राबास बासरी, दोन हार्प आणि एकॉर्डियनसाठी लिहिलेली रचना कितीही सुंदर असो, त्या चौघांना एकत्र आणणारी मैफिल पुन्हा घडत नाही. स्ट्रिंग क्वार्टेट, सॅक्सोफोन क्वार्टेट, एकल वाद्य, किंवा बासरी-क्लॅरिनेट-व्हायोलिन-चेलो-पियानो असा संच घ्या. हा पाच जणांचा संच श्योनबेर्गच्या १९१२ च्या 'पिएरो ल्युनेर'पासून इतका रुळलाय की जगभर तसे आंसाम्बल आहेत. लांबी आठ ते बारा मिनिटं. वीस मिनिटांची रचना कार्यक्रमात बसवायची तर आयोजकाला दुसऱ्या दोन काढाव्या लागतात, आणि तुमचं नाव नवीन असताना तो तसं करत नाही. एकल वाद्यासाठी लिहायला तरुण कंपोझर टाळाटाळ करतात, त्यात फारसा मान नाही असं वाटतं. पण एका बासरीवादकाने तुमची आठ मिनिटं पाठ केली, तर ती ट्रेनने कुठेही जातात, तालमीचा खर्च नाही, कुणाची परवानगी नाही.

तिसरं, तुम्ही गाणं शिकलात म्हणून खास लिहितो, कारण इथं आपल्याकडच्या मुलांची फार ताकद आहे आणि ती कागदावर वाया जाते. यमनमधली प वरून रे वर येणारी मींड घ्या. सा म्हणजे डी धरला तर प म्हणजे ए आणि रे म्हणजे ई. तुम्ही व्हायोलिनसाठी चार मात्रांचा ए लिहिला, पुढे ई, मध्ये ग्लिसांडोची, म्हणजे सूर घसरवण्याची, रेघ. काय होईल? नव्या संगीतात मुरलेला वादक पहिल्या मात्रेपासून अगदी समान वेगाने घसरत येईल, सायरनसारखा. रोमँटिक शैलीचा वादक साडेतीन मात्रा ए धरेल आणि शेवटी चटकन खाली येईल. दोन्ही मींड नव्हेत. शिवाय हा ए व्हायोलिनची मोकळी तार आहे. वादक सवयीने ती मोकळी छेडेल आणि मोकळ्या तारेवरून खाली घसरता येतच नाही.

म्हणून असं लिहा: 'डी तारेवर', एका बोटाने. पहिल्या दोन मात्रा ए स्थिर, व्हिब्रातो नको असं स्पष्ट लिहून. तिसऱ्या मात्रेवर रेघ सुरू. चौथ्या मात्रेवर डोकं नसलेली दांडी, एफ शार्पच्या, म्हणजे ग च्या उंचीवर, कंसातल्या छोट्या स्वरासह, म्हणजे त्या क्षणी सूर कुठं असावा ते कळेल. ई पुढच्या समेवर. धनुष्याची दिशा बदलू नये म्हणून सगळ्यावर एक स्लर, म्हणजे जोडणारी कमान. आता वादकाला यमन माहीत नसला तरी तो मींडेच्या खूप जवळ येईल. क्लॅरिनेटवर वरच्या सप्तकात हे जमतं, बासरीवर थोड्या अंतरापुरतं जमतं. पियानोला मींड देऊच नका, तिथं दुसरा उपाय शोधा. हे तपशील तुम्हाला ऐकून माहीत आहेत, तिथल्या सहकाऱ्यांना नाहीत. मात्र "भारतीय कंपोझर" म्हणून प्रत्येक कमिशनमध्ये राग मागतील, तेव्हा नाही म्हणायचीही तयारी ठेवा. राग तुमच्या कामात असेल तर तुमच्या कारणाने असावा.

वादक भेटतात कुठे? डार्मश्टाटचे उन्हाळी वर्ग १९४६ पासून चालू आहेत, सध्या दर दोन वर्षांनी भरतात. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सची इम्पुल्स अकादमीही दर दोन वर्षांनी भरते आणि तिथं व्हिएन्नाचं आंसाम्बल क्लांगफोरुम वीन शिकवायला असतं. फ्रांकफुर्टच्या आंसाम्बल मोडेर्नची स्वतःची अकादमी आहे, तिच्यात वादकांसोबत कंपोझरही घेतात. अशा ठिकाणी मोठ्या नावांच्या मागे धावण्यापेक्षा तुमच्याच वयाच्या वादकांबरोबर जेवा, त्यांच्या मैफिलींना बसा. पंधरा वर्षांनी तेच आंसाम्बल चालवत असतात. प्रवेशशुल्क घेणाऱ्या आणि बक्षीस म्हणून फक्त "सादरीकरणाची शक्यता" देणाऱ्या स्पर्धा मात्र सोडून द्या.

आता पैसे. निव्वळ कमिशनवर जगणारे कंपोझर फार थोडे. आपल्याकडून गेलेल्यांच्या वाटा पाहिल्या तरी हे दिसतं. कोलकात्यात जन्मलेले क्लॅरेन्स बार्लो १९६८ मध्ये कोलोनला गेले, पुढे द हेग आणि सांता बार्बरा इथं प्राध्यापक झाले. मुंबईत जन्मलेले संदीप भागवती म्युनिक बिएनालेसाठी ऑपेरा लिहून पुढे मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात गेले. वनराज भाटिया लंडनची रॉयल अकादमी आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या नामवंत शिक्षिकेकडे असं शिकून मुंबईला परतले आणि जाहिराती, चित्रपट यांवर त्यांचा संसार चालला. तिघांनीही गंभीर संगीत लिहिलं, पण त्याला दुसऱ्या उत्पन्नाचा टेकू होता. तुमचा टेकू कोणता, ते बॅचलरच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ठरवा. संगीतशाळेत पियानो आणि थिअरी शिकवणं, कॉयर चालवणं, दुसऱ्यांचे पार्ट्स तयार करणं, अरेंजमेंट. २०२२ च्या एका सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयीन निकालानंतर जर्मनीतल्या बऱ्याच संगीतशाळा शिक्षकांना फ्रीलान्सऐवजी नोकरीवर घेऊ लागल्यात. परवान्यासाठी ते सोयीचं ठरतं. त्यासाठी शिक्षणशास्त्राचा एखादा कोर्स आणि बऱ्यापैकी जर्मन हवं.

कमिशनचे पैसे सहसा आंसाम्बलच्या खिशातून येत नाहीत. वादक मंडळी एर्न्स्ट फॉन झीमेन्स म्युझिक फाउंडेशन, म्युझिकफोन्ड्स किंवा शहराच्या संस्कृती खात्याकडे अर्ज करतात. म्हणजे तुम्ही दीड-दोन वर्षं आधी वादकांशी बोललेलं असावं लागतं आणि अर्जासाठी एका पानाचं नेमकं टिपण तुम्ही द्यायचं असतं. करारात पुढच्या गोष्टी तपासा: लांबी आणि वाद्यसंच, अर्धे पैसे सहीवर आणि अर्धे स्कोअर दिल्यावर, पार्ट्सचा खर्च कुणाचा, तालमींना येण्या-राहण्याचा खर्च, मैफिल रद्द झाली तरी मानधन मिळेल का, आणि रचना किती काळ फक्त त्यांचीच राहील. ही शेवटची अट एक वर्षापुरती ठेवा. तीन वर्षं मान्य केलीत तर दुसरा प्रयोग तुम्हीच कुलूपबंद केला. ध्वनिमुद्रणाची प्रत अर्जांसाठी वापरता येईल असं लिहून घ्या. मैफिलीनंतर मागायला गेलात तर ती मिळवणं अवघड होऊन बसतं, रेडिओने रेकॉर्ड केलं असेल तर जास्तच.

रॉयल्टीसाठी गेमा ही संस्था आहे. आयोजक तिला पैसे भरतो आणि वाजलेल्या रचनांची यादी देतो. रचना तुम्ही नोंदवली नसेल किंवा यादीत नाव चुकलं असेल, तर पैसे तुमच्यापर्यंत येत नाहीत. प्रत्येक प्रयोगाचा छापील कार्यक्रम जपा आणि हिशेब आला की ताडून पाहा. पैसे पुढच्या वर्षी येतात, त्यामुळे घरभाडं त्यावर अवलंबून ठेवू नका.

पदवीनंतर तुम्हाला काम शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळू शकतो. त्या काळात नोकरी आणि फ्रीलान्स दोन्ही करता येतं. त्यानंतर फ्रीलान्स परवाना हवा असेल तर तिथं स्पर्धांच्या प्रमाणपत्रांपेक्षा सही झालेले करार, भाड्याचा हिशेब आणि आरोग्य विमा पाहतात. विम्यासाठी क्युन्स्टलरसोत्सियालकासे, म्हणजे कलाकारांची सामाजिक विमा व्यवस्था, १९८३ पासून आहे. ती आरोग्य आणि पेन्शनच्या हप्त्याचा साधारण अर्धा भार उचलते. कलेतून वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा जास्त उत्पन्न लागतं, पण व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांत ही अट नसते. संगीत शिकवण्याचं फ्रीलान्स उत्पन्नही त्यात धरतात. अर्जाला पुरावे भरपूर लागतात आणि निर्णयाला महिने जातात, म्हणून पदवीच्या शेवटच्या सेमिस्टरपासूनच बिलं, करार, कार्यक्रमपत्रिका, बँकेच्या नोंदी एका फायलीत तारखेनुसार लावायला लागा. अर्ज पदवी मिळाल्याच्या आठवड्यात गेला पाहिजे, अठराव्या महिन्यात नव्हे.